न्यूट्रल बाई

साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, ये केस आप ही कर सकती हैं. आप तो न्यूट्रल हैं."

मी तेव्हा डबा उघडत होते. साहेबांची ही सवय आता मला पाठ झाली आहे. नको असलेलं काम ते नेहमी जेवणाच्या सुट्टीत देतात, कारण तोंडात घास असलेला माणूस चटकन नाही म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

मी सरकारी वकील आहे. पोलीस तपास करून आरोपपत्र देतात, ते कोर्टात सिद्ध करायचं काम माझ्याकडे येतं. या शहरात माझी सगळी नोकरी गेली. ऑफिसात मला सगळे ताई म्हणतात, पक्के हिंदीवालेसुद्धा, कारण मराठी बाई दिसली की ती ताईच असणार असं ग्वाल्हेरनं परस्पर ठरवून टाकलंय. होळीला पुरणपोळ्या आणायच्या, गणपतीत मोदक आणायचे आणि उरलेलं वर्षभर न्यूट्रल राहायचं, एवढीच माझ्याकडून अपेक्षा असते. मोदक एकवेळ फसले तर चालतात.

या न्यूट्रलचा अर्थ बाहेरच्या माणसाला सांगावा लागतो. आमच्या या चंबळच्या पट्ट्यात आडनाव कळलं की माणूस कोणाच्या बाजूचा ते ठरून जातं. ठाकूर, गुर्जर, जाटव, इथले ब्राह्मण, यादव. प्रत्येकाच्या आपसातल्या जुन्या जखमा आहेत आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या ठाऊक आहेत. आम्ही मराठी लोक या हिशेबात बसत नाही. संस्थानाच्या काळात आमची माणसं दक्षिणेतून आली, कोणी फौजेबरोबर, कोणी दप्तर सांभाळायला, कोणी देवघरं सांभाळायला. आम्ही दप्तरवाल्यांपैकी. माझे वडील याच शहरात न्यायाधीशांचे पेशकार होते, म्हणजे रोजच्या फायली त्यांच्यासमोर ठेवणारे. पक्षकार त्यांना "दक्षिणी पंडितजी" म्हणत आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. वडील घरी आले की कोट खुंटीला लावता लावता म्हणायचे, "आपण कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." त्यांच्या आवाजात त्याचा केवढा अभिमान असायचा. मला तो वारसाहक्कानं मिळाला आणि मी तो इतकी वर्षं बिनतक्रार वापरला.

आता त्या फायलीविषयी. खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. मी निकालाबद्दल लिहीत नाहीये, त्यामुळे कोणाला ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

फिर्यादी बाई ई-रिक्षा चालवते. तिशीची असेल. नवरा घरांना रंग द्यायची कामं घेतो. लष्कर नावाच्या जुन्या भागात, बाड्याच्या चौकाजवळच्या एका गर्दीच्या बाजारात तिनं एका कपड्याच्या दुकानासमोर म्हाताऱ्या सवारीला उतरवायला रिक्षा थांबवली. दुकानदार बाहेर आला, गाडी काढ म्हणाला. तिनं सांगितलं, अम्मांना उतरू द्या, काढते. रिक्षाच्या काचेवर एक छोटा निळा झेंडा लावलेला होता. दुकानदारानं आधी तो झेंडा उपटला, मग तिच्या कानाखाली वाजवली, आणि भर बाजारात तिच्या जातीचं नाव घेऊन एक शब्द वापरला.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. लिहिताना मला तेवढी सवलत आहे. कोर्टात नव्हती.

कारण या अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याची गोष्टच अशी आहे. "जातीवरून शिवी दिली" एवढं सांगून भागत नाही. नेमका कोणता शब्द, कुठे, कोणासमोर, हे साक्षीदाराच्या तोंडून यावं लागतं आणि कागदावर जसंच्या तसं उतरावं लागतं. ते नसलं की मारहाणीची किरकोळ केस उरते, थोडा दंड भरून आरोपी हसत घरी. पोलिसांनी पहिल्या रिपोर्टात सभ्यपणे "जातिसूचक गालियाँ" असं लिहून हात झटकले होते. बाजारातले साक्षीदार कोर्टात येऊन एकेक करत फिरले. चपलांच्या दुकानवाल्याला काही ऐकू आलं नव्हतं, चहावाला त्या वेळी दूध आणायला गेला होता. म्हातारी सवारी तर कोणाला सापडलीच नाही. म्हणजे उरली ती एकटी बाई आणि तिच्या तोंडचा तो एक शब्द. तो नोंदीत आला तर केस उभी राहणार होती. नाही आला तर नाही.

ही फाइल मुळात माझी नव्हती. ती आमच्या ऑफिसातल्या एका तरुण सरकारी वकील मुलीची होती. भिंडकडची, जाटव समाजातली, घराण्यातली पहिली वकील. परीक्षा देऊन आली, आणि चांगली वरच्या नंबरानं आली, हे ऑफिसातल्या काहीजणांना फार खटकायचं. आमच्याकडे कामाची वाटणी कशी होते ते सांगते. मी बाई, म्हणून वर्षानुवर्षं बायकांच्या केसेस माझ्या टेबलावर. ती जाटव, म्हणून ती रुजू झाल्यापासून दलितांवरच्या अत्याचाराच्या केसेस तिच्या टेबलावर. चोऱ्या, दरोडे, जमिनीवरून झालेले खून, ज्यांना ना बाईपण असतं ना जात, ते सगळं बाकीच्यांकडे. यालाच साहेब "सबको प्रतिनिधित्व" म्हणतात. मला हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते, पण मी ते कधी मीटिंगमध्ये बोललेली नाही. न्यूट्रल ना.

दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवतो, डबे फिरतात. तिचा डबा फिरत नसे. कोणी काही म्हणत नसे, फक्त तो त्या टोकाला राहायचा. एक दिवस मी मुद्दाम हात लांब करून तिच्या डब्यातली कढी घेतली आणि जरा जास्तच मोठ्यानं "वा!" म्हटलं. ती हसून म्हणाली, "मैडम, इतनी भी अच्छी नहीं बनी है." मला ही मुलगी तेव्हापासून आवडायला लागली.

या केसवर तिनं जीव ओतला होता. पोलिसांच्या मागे लागून बाईचा पुरवणी जबाब घ्यायला लावला, त्यात शब्द एकदा तरी आला. मग बाईला बोलावून कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून तिच्याशी बोलायची. बाई रिक्षा चालवताना ट्रॅफिकवाल्याशी वाद घालणारी, तोंडाची फटकळ, पण त्या शब्दाशी आली की अडायची. "जात की गाली दी, बस," एवढंच म्हणायची. ही मुलगी तिला सांगायची, "मैंने भी सुना है, स्कूल में. मेरे सामने बोलने में काहे की शरम?" असं हळूहळू करत तिला तिथवर आणलं.

आणि मग आरोपीच्या वकिलांनी अर्ज टाकला. सरकारी वकील आणि फिर्यादी एकाच जातीच्या आहेत, त्यांचं वारंवार भेटणं होतं, साक्षीदाराला पढवलं जातंय, निःपक्ष सुनावणी होणार नाही. अर्ज वाचून मी हसले होते. कारण आरोपी ज्या समाजाचा, त्याच समाजाचे त्याचे वकील, त्याच समाजाचे तपास अधिकारी, आणि खरं सांगायचं तर त्याच समाजाचे आमचे साहेब. माझ्या सगळ्या नोकरीत या जुळणीवर कोणी अर्ज टाकल्याचं मला आठवत नाही. ती जुळणी कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

न्यायाधीश भला माणूस. त्यांनी काही हुकूम दिला नाही, नुसतं म्हणाले की वाद नको, ऑफिसनं आपल्या पातळीवर बघावं. साहेबांना तेवढंच हवं होतं.

फाइल माझ्याकडे आली त्या संध्याकाळी मी त्या मुलीच्या टेबलापाशी गेले. वाटलं होतं ती चिडेल, रडेल. मला सांत्वन करायला आवडतं, मी तयारीतच होते. तिनं कपाटातून आपल्या टिपणांचे कागद काढले आणि मला समजावून द्यायला लागली. कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर. घटनास्थळाचा नकाशा कुठे दाखवायचा. शेवटी म्हणाली, "वो बोल देगी, मैडम. बस जब वो बोले ना, तब आप काग़ज़ में मत देखना. उसको देखना."

"तू वर लिहून पाठव," मी तिला हिंदीत म्हटलं. "हा अन्याय आहे."

"लिखूँगी तो क्या कहेंगे? कि देखो, इसका कुछ इंटरेस्ट है केस में." तिनं कपाटाला कुलूप लावलं. "आप कर लो. आप पे कोई कुछ नहीं बोलेगा."

यात टोमणा होता का हे मी घरी जाईपर्यंत चाचपत राहिले. नव्हता. तिनं फक्त वस्तुस्थिती सांगितली होती, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

आम्ही हरिशंकरपुरममध्ये राहतो. रात्री जेवताना मी घरच्यांना केस सांगितली, नावं न घेता. नवरा म्हणाला, "कशाला ही झंझट मोल घेऊन राहिलीस? रिटायरमेंट जवळ आलीये." मुलगी सिटी सेंटरमधल्या एका कंपनीत काम करते, तिचं मराठी वाक्याच्या मध्यावर पोचलं की दम टाकतं. ती म्हणाली, "आई, पण तो शब्द बोलायचीच काय ज़रूरत आहे? 'जातिसूचक शब्द' बोल दो ना, सबको समझ में आ ही जाता है."

"कोर्टाला सगळं समजत असतं गं," मी म्हटलं, "पण कागदावर नसलं की त्याला काहीच समजत नाही."

मग मी विचारलं, हा शब्द आपल्या घरात कधी कोणी बोललंय का? नवरा म्हणाला, छे! मीही आठवून पाहिलं. माझ्या माहेरी खरोखरच तो कधी कोणी उच्चारला नाही. वडिलांच्या तोंडी तर साधी शिवी नसायची. याचं मला लहानपणापासून भूषण होतं. त्या रात्री भांडी आवरताना पहिल्यांदा लक्षात आलं की उच्चारायची वेळच आली नसणार. ज्यांना उद्देशून तो शब्द वापरतात, त्यांच्यातलं कोणी आमच्या घरात पाऊल टाकण्याइतकं जवळ आलेलंच नव्हतं. आमच्या सभ्यतेला कधी कष्ट पडले नव्हते. मला अस्वस्थ वाटत राहिलं, आणि ती अस्वस्थता पुढचे सगळे दिवस गेली नाही.

साक्षीच्या दिवशी बाई वेळेआधीच आली होती. कोर्टाच्या बाहेरच्या लांब व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. स्वच्छ धुतलेली साडी, केसांना भरपूर तेल, हातात रिक्षाची किल्ली. मी जाऊन सांगितलं की आज तुमची साक्ष मी घेणार आहे. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वो वाली मैडम?"

मी तिला सगळं सांगितलं, अर्ज आणि आक्षेप आणि ऑफिसचा निर्णय. सोप्या शब्दांत सांगितलं, तरी माझ्याच कानाला ते पोकळ लागलं.

"मतलब उनके वकील ने कही तो मैडम बदल गईं," ती म्हणाली. "हमाई से किसी ने पूछी?"

नाही, कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही अर्ज देऊ शकता. मला हाच वकील हवा असं सांगायचा तुम्हालाही हक्क आहे. मी स्वतः अर्ज लिहून देते, आज तारीख वाढवून घेऊ. हे मी मनापासून म्हटलं, आणि म्हणताना मनातून वाटत होतं की तिनं हो म्हणावं. माझी सुटका होईल.

तिनं थोडा विचार केला. मग विचारलं, "आप कौन लोग हो?"

हा प्रश्न इथे वाण्याच्या दुकानातही विचारतात, त्यात काही अपमान नसतो. माझं उत्तरही ठरलेलं असतं. "हम मराठी हैं," मी म्हटलं.

"मराठी तो बोली हो गई," ती म्हणाली. "लोग कौन?"

इतक्या वर्षांत मला हा दुसरा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे पहिल्या उत्तरावर समाधानानं थांबायचे. मला सांगावं लागलं, "ब्राह्मण."

"हओ," ती म्हणाली. रागावली नाही, तोंड वाकडं केलं नाही. एक माहिती मिळाली, तिनं ती ठेवून घेतली. मग किल्ली पदराच्या टोकाला बांधत म्हणाली, "तारीख मत बढ़वाओ. बहुत दिन से मुँह में लेके घूम रही हूँ. आज बोल दूँगी तो बोल दूँगी. फिर मुझसे नहीं आया जाएगा."

म्हणजे आजच. आज नाही तर कधीच नाही. मी इतक्या साक्षी घेतल्या आहेत की झोपेतही घेईन, पण त्या दिवशी गाऊनची बाही दोनदा सारखी केली आणि तरी ती नीट बसली नाही.

आत गर्दी होती. कुठल्या तरी दुसऱ्या केसचे वकील कोपऱ्यात गप्पा छाटत होते, कूलर खडखडत होता. आरोपी मागच्या बाजूला हात बांधून उभा होता. पांढरा सदरा, नजर खाली, एखाद्या लग्नात वडीलधाऱ्यांसमोर उभं राहावं तसा. आमची ती मुलगी आली नव्हती. तिला दुसऱ्या कोर्टात काम लावून दिलेलं होतं.

मी प्रश्न विचारत गेले, बाई उत्तरं देत गेली. नाव, काम, त्या दिवशी कुठे होती. झेंड्याविषयी विचारलं तेव्हा तिचा आवाज चढला. थप्पड कुठल्या गालावर बसली ते हात लावून दाखवलं. सगळं टिपणांबरहुकूम चाललं होतं. मग मी विचारलं, "उसके बाद आरोपी ने क्या कहा?"

तिनं पदराची गाठ मुठीत धरली.

मला सांगितलं होतं ते मी केलं. कागद खाली ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वळून थेट आरोपीकडे. आणि त्याच्याकडे बघत बघत तिनं ते वाक्य बोलून टाकलं, त्यातल्या त्या शब्दासकट, जसं बाजारात बोललं गेलं होतं तसं, त्याच हेलात. गप्पा मारणारे वकील थांबले. आरोपीचे वकील उठले, "आपत्ति है, ये सिखाया हुआ है," म्हणून ओरडायला लागले. बाई तशीच उभी. चेहऱ्यावर घाम, पण मान सरळ. मला तिचा फार अभिमान वाटला.

न्यायाधीश अवघडले होते. त्यांनी हात वर करून वकिलांना बसवलं आणि टायपिस्टला म्हणाले, "लिखिए, आरोपी ने मुझे जातिसूचक शब्दों से अपमानित किया."

वाईट हेतू नव्हता. भल्या घरचा माणूस, बायकांसमोर असला शब्द आपल्या तोंडानं कशाला बोला, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या वडिलांनाही असंच वाटलं असतं. पण त्या एका सभ्य वाक्यानं केस संपत होती. मी उभी होतेच, आणखी पुढे सरकले. "सर, साक्षी के शब्द ज्यों के त्यों आने चाहिए. प्रकरण इसी पर है."

न्यायाधीशांनी मान डोलावली. "ठीक है. टाइप करवा दीजिए."

टाइप करवा दीजिए, म्हणजे मी. आमच्या कोर्टातली ही जुनी पद्धत आहे. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, आवाज कधी लागतो कधी लागत नाही, टायपिस्ट कूलरच्या बाजूला बसतो. म्हणून साक्षीदार जे बोलला ते सरकारी वकील मोठ्यानं, साफ हिंदीत टायपिस्टला सांगतो, न्यायाधीश ऐकून मान हलवतात आणि ते नोंदीत जातं. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. वडिलांनी लहानपणी मोठ्यानं वाचायला लावून माझे उच्चार घोटून घेतले होते. टायपिस्ट मला म्हणतात, ताई बोलल्या की परत विचारावं लागत नाही.

टायपिस्टनं की-बोर्डवर बोटं ठेवून माझ्याकडे पाहिलं.

मी बोलले. बाईचं वाक्य, तिच्या तोंडचं "मुझे" तसंच ठेवून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, टायपिस्टला कळेल असं. तो शब्द आला तेव्हा आवाज खाली जाऊ दिला नाही. गेला असता तर टायपिस्टनं परत विचारलं असतं आणि मला परत म्हणावा लागला असता. सगळ्या अक्षरांसकट तो माझ्या तोंडातून बाहेर पडला आणि त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

पडद्यावर अक्षरं उमटली. मी खात्री करून घेतली आणि बाईकडे वळले, आता सगळं ठीक झालं असं डोळ्यांनी सांगायला.

तिनं मान खाली घातली होती. झेंड्याचं सांगताना जी ताठ होती, आरोपीच्या डोळ्यांत बघून जी बोलली होती, ती बाई आता आपल्या पायांकडे बघत होती. आणि मागे उभा असलेला आरोपी, सकाळपासून ज्यानं नजर वर केली नव्हती, तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. बाजारात आपल्याकडचं कोणी भेटावं आणि बरं वाटावं, तसं.

मला तिथेच गाऊन काढून फेकावासा वाटला. पण पुढचे प्रश्न होते, ते विचारले. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी तिला खोटारडी म्हटलं, पैशासाठी आलीस म्हटलं, कोणी शिकवलं विचारलं. तिनं सगळ्याला "नहीं, ये ग़लत है" एवढंच उत्तर दिलं, बसलेल्या आवाजात, वर न बघता. नोंद मात्र पक्की झाली. त्यात कुठे फट राहिली नाही. बाहेर साहेब भेटले, त्यांना कोणी तरी कळवलंच होतं. "देखा ताई, न्यूट्रल आदमी का यही फ़ायदा है," म्हणाले. "वो लड़की करवाती तो यही बात पक्षपात लगती." जे बोलायचं होतं ते मी त्यांच्या तोंडावर बोलले नाही, आणि त्याचं कारण सभ्यता नसून माझी न्यूट्रल राहायची सवय आहे हे पहिल्यांदाच मला माहीत होतं.

बाई जबाबाच्या कागदावर सही करून व्हरांड्यात आली. मी तिच्यासाठी थांबले होते. पाण्याची बाटली पुढे केली, तिनं घेतली नाही. आपल्या पिशवीतली काढून प्यायली. मी म्हटलं, तुम्ही फार हिमतीनं बोललात. आता केस मजबूत आहे. शब्द जसाच्या तसा लिहिला गेलाय, त्याला कोणी हात लावू शकणार नाही.

"हओ, सुनी मैंने," ती म्हणाली. पदराची गाठ सोडून किल्ली काढली. जायला निघाली, मग थांबली आणि अगदी साध्या आवाजात, तक्रार नसलेल्या आवाजात, म्हणाली, "मैडम, इतना साफ़ तो उसने भी नहीं बोला था."